तारीख कोणाच्या हाती?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याने ही दोन्ही कार्ये स्वतः पार पाडली असावीत, याविषयी आम्हांस शंका नाही. घर बांधताना पैसा मालकाचा असतो, नकाशा इंजिनिअरचा, हिशेब कंत्राटदाराचा आणि हात गवंड्याचा. पुढची तीस वर्षे ज्या गृहिणीला त्या स्वयंपाकघरात उभे राहायचे असते, तिला ओट्याची उंची किती हवी हे विचारण्याचे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तुशांत आटोपल्यावर ओटा चार बोटे उंच झाल्याचे कळते, आणि तोवर वरची फरशी पक्की बसलेली असते.

ओट्याची ही गोष्ट आज निघण्याचे कारण आमच्याकडे येणारी वाचकांची पत्रे. वडीलधाऱ्यांना घेऊन रुग्णालयात जावे, तर पूर्वी जेथे केसपेपर काढून मिळत असे त्या खिडकीशी आता संगणक बसलेला दिसतो. नाव, पत्ता, मोबाइल, आधार सारे सांगून झाल्यावर ‘सर्व्हर डाउन आहे, थांबा’ असे उत्तर मिळते. आत डॉक्टर रुग्णाच्या चेहऱ्याऐवजी पडद्याकडे पाहून बोलतात. तपासणीचा अहवाल ‘सिस्टिममध्ये आहे’, पण वॉर्डात पोचलेला नाही. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि चौदा अंकी आरोग्यक्रमांकाची भाषा आपल्या घरांत रूढ होऊ लागली. तेव्हा हा विषय आता केवळ कचेऱ्यांचा राहिलेला नाही, तो देवघराइतकाच घरचा झाला आहे.

या पत्रांतून एक प्रश्न पुनःपुन्हा डोकावतो. रुग्णालयांत संगणकयंत्रणा उभारण्याचे काम कोणाच्या नेतृत्वाखाली व्हावे? माणसे, पैसा आणि वेळ यांची सांगड घालणाऱ्या व्यवस्थापकाच्या, की त्या विद्येत पारंगत असलेल्या तंत्रज्ञाच्या? महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या मराठी घरांत या वादाचे दोन्ही पक्ष एकाच पंगतीला बसलेले आढळतात. थोरला संगणक इंजिनिअर, सूनबाई डॉक्टर आणि जावई व्यवस्थापनशास्त्राचे पदवीधर, अशी घरे इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत हवी तितकी दाखविता येतील. इंजिनिअर म्हणतो, ‘ज्याला यंत्रातले कळत नाही त्याने यंत्राचा मुख्य होऊ नये.’ जावई म्हणतात, ‘तंत्रज्ञाला आपल्या यंत्रापलीकडे काही दिसत नाही. करार, खर्च आणि माणसांचे रुसवेफुगवे सांभाळणे हे निराळे शास्त्र आहे.’ दोघांचेही म्हणणे ऐकताना खरेच वाटते. म्हणून तर्क थोडा बाजूस ठेवून प्रत्यक्षात काय घडले ते पाहावे, हा मार्ग आम्हांस अधिक बरा वाटतो.

सर्वांत बोलका दाखला लंडनचा आहे. सुमारे ६८ लाख वस्तीच्या त्या महानगरात रुग्णवाहिका पाठविण्याचे काम लंडन अँब्युलन्स सर्व्हिसकडे असे. फोन आला की कर्मचारी कागदावर पत्ता लिहून घेई, तो कागद सरकत्या पट्ट्यावरून पुढे जाई, आणि कोणती गाडी कोठे आहे हे ध्यानात ठेवणारे अनुभवी लोक जवळची गाडी धाडीत. ही पद्धत मंद होती, यात शंका नाही. ती बदलून सारे काम संगणकाकडून करवून घ्यावे, असे तेथील व्यवस्थापनाने ठरविले. ८ जानेवारी १९९२ ही तारीख मुक्रर झाली. निविदा भरू इच्छिणाऱ्या अनेकांनी हा अवधी फार अपुरा असल्याचे सांगितले. तारखेत बदल होणार नाही, असे त्यांना उत्तर मिळाले. अखेर काम सर्वांत स्वस्त निविदेस गेले आणि आज्ञावली लिहिण्याची जबाबदारी अशा लहान कंपनीवर आली, की जिला या जातीच्या कामाचा अनुभव नव्हता.

जानेवारीची तारीख अर्थातच पाळता आली नाही. तथापि घाई तशीच राहिली, आणि २६ ऑक्टोबर १९९२ रोजी नवी यंत्रणा संपूर्ण लंडनसाठी एकदम सुरू करण्यात आली. गाड्यांवरील माणसांना शिक्षण मिळाले होते खरे. परंतु ते फार आधी मिळाल्याने बरेचसे विसरले गेले होते. गाडी निघाली, पोचली, मोकळी झाली, या प्रत्येक टप्प्यावर एकेक बटण दाबावयाचे असे. घाईगर्दीत ते कधी राहून जाई, कधी क्रम चुके. त्यामुळे कोणती गाडी कोठे आहे याविषयी संगणकाची समजूत वस्तुस्थितीपासून दूर जाऊ लागली. एका ठिकाणी दोन गाड्या जाऊ लागल्या, जवळची सोडून लांबची निघू लागली. इशाऱ्यांचे संदेश इतके साचले की जुने संदेश पडद्यावरून नाहीसे झाले. गाडी न आल्यामुळे लोक पुन्हा फोन करीत, त्याने भार आणखी वाढे. दुसऱ्या दिवशी अर्धेअधिक काम पुन्हा हातांनी करावे लागले, आणि मुख्याधिकाऱ्यांना राजीनामा द्यावा लागला.

येथवरची कथा ऐकून आमचे इंजिनिअर वाचक समाधानाने मान डोलवतील. त्यांनी पुढचा भागही ऐकावा. ४ नोव्हेंबरच्या पहाटे यंत्रणा पुरतीच बंद पडली, आणि ती तंत्रज्ञाच्या चुकीने. दुरुस्ती करताना कोणा आज्ञावलीकाराने एक लहानसा तुकडा तसाच मागे ठेवला होता. प्रत्येक गाडी धाडली जाताना तो संगणकाच्या स्मृतीतील थोडीशी जागा अडवी आणि ती परत मोकळी करीत नसे. तीन आठवड्यांत सारी जागा भरली. संकटकाळासाठी दुसरा संगणक होता, परंतु तो आपोआप काम हाती घेईल अशी तजवीज या रचनेत पुरी झालेली नव्हती. फेब्रुवारी १९९३ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाचा सारांश असा होता, की यंत्रणाही तयार नव्हती आणि ती वापरणारी माणसेही तयार नव्हती.

या कथेचा उत्तरार्ध फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि आमच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. त्याच संस्थेने, त्याच शहरात, पुन्हा संगणकयंत्रणा उभारली. या खेपेस काम बाहेर न देता घरच्याच तंत्रज्ञांनी केले. आधी नियंत्रणकक्ष, रेडिओ आणि गाड्या यांची डागडुजी झाली. नव्या यंत्रणेचा कच्चा नमुना फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे ठेवायचा, त्यांच्या सूचना घ्यायच्या आणि पुन्हा दुरुस्त करावयाचा, असा क्रम राहिला. यंत्रणा जानेवारी १९९६ मध्ये सुरू झाली, तीही आधी फक्त फोन घेण्यापुरती. तेवढे अंगवळणी पडल्यावर एकेक काम तिच्यावर सोपविण्यात आले. घिसाडघाईने तारीख गाठण्याचा अट्टहास मात्र कोणी धरला नाही. पुढल्याच वर्षी या कामाचा ब्रिटिश कॉम्प्यूटर सोसायटीने पुरस्कार देऊन गौरव केला.

आता दुसऱ्या टोकाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत निवृत्त सैनिकांसाठी सरकारी रुग्णालयांचे फार मोठे जाळे आहे. तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही आज्ञावलीकार आणि डॉक्टर यांनी मिळून, वरिष्ठ कचेरीच्या इच्छेविरुद्ध, रुग्णालयांतच लहान संगणकांवर काम आरंभिले. वॉशिंग्टनच्या मुख्य कचेरीत संगणकाचे स्वतंत्र खाते होते आणि आपल्याखेरीज कोणी या विषयाला हात लावू नये, अशी त्या खात्याची भूमिका होती. काहींच्या नोकऱ्या गेल्या, काही ठिकाणचे काम बंद पाडण्यात आले. तरीही मंडळी डगमगली नाहीत. गुलामांना पळून जाण्यास साहाय्य करणाऱ्या इतिहासप्रसिद्ध गुप्त वाटांचे ‘अंडरग्राउंड रेलरोड’ हे नाव त्यांनी आपल्या गटास विनोदाने दिले होते. त्यांची पद्धत सोपी होती. आज्ञावलीकाराने डॉक्टरांच्या शेजारी बसावे, अडचण पाहावी, बदल करावा आणि लगेच पुन्हा दाखवावा. १९८२ साली या कामास अधिकृत मान्यता मिळाली. पुढे ही यंत्रणा ‘व्हिस्टा’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

येथे तंत्रज्ञांचा विजय झाला असे म्हणता येईल काय? काही अंशी होय. परंतु प्रत्येक रुग्णालयाने आपापल्या सोयीने केलेल्या यंत्रणेस एकसूत्रीपणा नव्हता. १९९४ मध्ये केनेथ कायझर हे डॉक्टर या रुग्णसेवेचे प्रमुख झाले. त्यांनी साऱ्या संस्थेची फेररचना केली आणि संगणकावरील रुग्णनोंद सर्वत्र पोचविली. रोपटे तंत्रज्ञांनी व डॉक्टरांनी लावले, त्याची बाग मात्र व्यवस्थापन जाणणाऱ्या वैद्याने केली. आणि याच संस्थेतील सर्वांत उपयुक्त कल्पनांपैकी एक ना आज्ञावलीकाराला सुचली, ना अधिकाऱ्याला. कॅन्सस राज्यातील टोपीका येथील स्यू किनिक या परिचारिकेने १९९२ साली भाड्याची मोटार परत करताना एक दृश्य पाहिले. तेथील कर्मचारी हातातले यंत्र गाडीवरील रेघांच्या चिठ्ठीवर फिरवीत होता, आणि साऱ्या नोंदी क्षणात जुळत होत्या. मोटारीसाठी हे होते तर औषधासाठी का नाही, असा प्रश्न त्यांना पडला. त्यातून रुग्णाच्या मनगटावरील पट्टी आणि औषधाचे वेष्टन दोन्ही तपासून, योग्य औषध योग्य रुग्णालाच मिळते की नाही हे पाहणारी पद्धत जन्मास आली, आणि ती पुढे त्या संस्थेच्या देशभरातील रुग्णालयांत गेली. मध्यरात्री वॉर्डात गोळ्यांचा ट्रे हाती घेऊन उभे राहिल्याशिवाय हा प्रश्न सुचत नाही.

याउलट इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २००२ साली जे आरंभिले, तो व्यवस्थापकीय पद्धतीचा परमोच्च बिंदू म्हणावा लागेल. देशातील प्रत्येक रुग्णाची नोंद संगणकावर आणावयाची, ही आकांक्षा स्तुत्यच होती. लंडनच्या रस्त्यांवरील गर्दीकर वसूल करणाऱ्या योजनेवर काम केलेले व्यवस्थापन सल्लागार रिचर्ड ग्रेंजर यांच्याकडे सूत्रे सोपविण्यात आली. त्यांनी वर्षभराच्या आसपास देशाचे पाच विभाग पाडून अवाढव्य करार पुरे केले. काम झाले नाही तर पैसा नाही, ही त्यांची अट ठेकेदारांना जाचक वाटे, परंतु सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ती चोख होती. दहा वर्षांसाठी ६.२ अब्ज पौंडांचे करार झाले. पुढे एकंदर खर्चाचा अंदाज १२ अब्जांवर गेला.

करारांत उणीव नव्हती, ती अन्यत्र होती. डॉक्टरांचा सल्ला घेण्यासाठी नेमलेल्या मंडळाचे प्रमुख प्रा. पीटर हटन यांनी, वैद्यकीय मंडळींना या कामात पुरेसे सामील करून घेतले जात नाही अशी नापसंती व्यक्त केली आणि २००४ मध्ये पद सोडले. करार आधी आणि ‘तुम्हांला काय हवे?’ हा प्रश्न नंतर, असा उफराटा क्रम झाला. २००६ मध्ये एक मोठी कंपनी बाहेर पडली, २००८ मध्ये दुसरीचा करार संपुष्टात आला, ग्रेंजरही त्याच सुमारास गेले, आणि सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने ही योजना मोडीत काढल्याचे घोषित केले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की सारेच वाया गेले नाही. देशभरचे संगणकजाळे उभे राहिले, आणि क्ष-किरण चित्रे फिल्मऐवजी पडद्यावर पाहण्याची सोय २००७ अखेर इंग्लंडच्या रुग्णालयांत सर्वत्र पोचली. ही सोय क्ष-किरणतज्ज्ञांना स्वतःलाच हवी होती, हे तिच्या यशामागचे मोठे कारण होय.

पुढे २०१६ साली अमेरिकन वैद्य रॉबर्ट वॉख्टर यांच्या समितीने त्याच आरोग्यसेवेस सल्ला दिला. त्यात दोन गोष्टी ठळक होत्या. एक, संगणकशास्त्राचे शिक्षण घेतलेले डॉक्टर आणि परिचारिका या कामाच्या अग्रभागी असाव्यात. दुसरी, २०२० पर्यंत सारी रुग्णालये कागदमुक्त करण्याचे जे उद्दिष्ट होते ते अवास्तव असून, २०२३ पर्यंतची मुदत अधिक समंजस ठरेल. म्हणजे माणसाची निवड आणि मुदतीची निवड हे दोन्ही प्रश्न समितीने एकाच अहवालात घेतले. आमच्या मते ते मुळातच एकमेकांत गुंतलेले आहेत.

मग डॉक्टरांना मुख्य केले की सारे सुरळीत होईल, असा निष्कर्ष कोणी काढील. तोही पुरता बरोबर नाही. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय या नामांकित रुग्णालयाने स्वतःच्या पुढाकाराने, आपल्याच काही डॉक्टरांच्या सल्ल्याने, औषधे व तपासण्या संगणकावर लिहिण्याची यंत्रणा तयार केली आणि २००२ मध्ये ती सुरू केली. शेकडो डॉक्टर तेथे स्वतंत्र व्यवसाय करणारे होते आणि त्यांच्यापैकी फार थोड्यांना विचारले गेले होते. क्षणाक्षणाला इशारे देणाऱ्या त्या पडद्याला ते इतके त्रासले, की काही महिन्यांतच, २००३ च्या जानेवारीत, यंत्रणा गुंडाळून ठेवावी लागली. चार डॉक्टरांशी चर्चा केली म्हणजे चारशे डॉक्टरांचे मत कळले, असे होत नाही. ओट्याच्या उंचीविषयी सासूबाईंना विचारले म्हणून सुनेला विचारण्याचे कारण उरत नाही, असे मानण्याइतकेच ते भाबडेपणाचे आहे.

अमेरिकेतील त्या सैनिकी रुग्णालयांचीच आणखी एक अलीकडची हकीकत येथे नोंदविली पाहिजे, कारण तिच्यात रुग्णांचे प्रत्यक्ष नुकसान झाले. जुनी ‘व्हिस्टा’ काढून बाजारातील तयार यंत्रणा घ्यावी, असे २०१८ मध्ये ठरले आणि अब्जावधी डॉलरांचा करार झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथे ती प्रथम सुरू झाली. डॉक्टरांनी एखादी तपासणी अथवा तज्ज्ञाची भेट लिहून दिली, आणि ती कोठे पाठवावी हे संगणकास ओळखता आले नाही, तर ती मागणी एका ‘अज्ञात’ रांगेत जाऊन पडे. डॉक्टरांना याची सूचना मिळत नसे. त्यांच्या दृष्टीने काम झाले होते. रुग्ण बोलावण्याची वाट पाहत घरी बसे. अशा अकरा हजारांहून अधिक मागण्या त्या रांगेत पडल्याचे, आणि त्यामुळे किमान १४९ रुग्णांना अपाय झाल्याचे, तेथील महानिरीक्षकांच्या कचेरीने जुलै २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. एप्रिल २०२३ मध्ये पुढील रुग्णालयांतील काम थांबविण्यात आले. ही रांग आहे हे तंत्रज्ञास ठाऊक असू शकते, आणि ती भरली तर काय होईल हे परिचारिकेला ठाऊक असते. त्या दोघांची गाठ यंत्रणा सुरू होण्यापूर्वी पडावयास हवी होती.

आपल्या देशाकडे वळू. करोनाच्या लसीकरणासाठी ‘को-विन’ ही यंत्रणा १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणासोबतच सुरू झाली. तिच्या कामासाठी नेमलेल्या अधिकारप्राप्त गटाचे अध्यक्ष रामसेवक शर्मा होते. भारतीय प्रशासन सेवेतील हे अधिकारी कानपूरच्या आयआयटीत गणित शिकले आणि नंतर त्यांनी अमेरिकेत संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. म्हणजे आमच्या पंगतीतील जावई आणि थोरला चिरंजीव एकाच देहात वसत होते! पहिल्याच दिवशी यंत्रणा अडखळली आणि महाराष्ट्रात दोन दिवस लसीकरण थांबवावे लागले. येथे तारीख साथीने ठरविली होती आणि तीस इलाज नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण यंत्रणा सुधारत गेली आणि १७ जुलै २०२२ पर्यंत २०० कोटी मात्रांची नोंद झाली. सूत्रे हाती असलेल्या माणसाला यंत्रही कळत होते आणि शासनही, याचा यात वाटा असावा असे आम्हांस वाटते.

तरीही ओटा येथेही थोडा उंच झालाच होता. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना आधी मोबाइलवरून वेळ ठरविणे सक्तीचे होते, आणि पडद्यावरची भाषा होती इंग्रजी. ज्यांच्याजवळ साधा फोन होता, किंवा ज्यांना ती अक्षरे लागत नव्हती, त्यांनी काय करावे? सर्वोच्च न्यायालयानेही मे अखेरीस याच अडचणीकडे लक्ष वेधले. हळूहळू केंद्रावर जाऊन नाव नोंदविण्याची मुभा मिळाली, आणि जूनमध्ये हिंदी व मराठीसह अनेक भारतीय भाषा पडद्यावर आल्या. दोन्ही विद्यांत निपुण असलेल्या नेत्यालाही रांगेतल्या माणसाची अडचण रांगेतूनच कळते, असा याचा अर्थ.

तंत्रज्ञाचे न ऐकल्यास काय होते, याचा धडाही आपल्याला मिळाला आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला आणि माहिती कुलूपबंद झाली. सुमारे दोन आठवडे त्या महाकाय रुग्णालयात नोंदणी, दाखले, अहवाल सारे पुन्हा कागदावर करावे लागले. संगणकांच्या जाळ्याचे योग्य विभाग पाडलेले नव्हते, हे कारण पुढे सरकारने संसदेत सांगितले. घराच्या भाषेत सांगावयाचे तर दिंडी दरवाजा उघडला की थेट माजघरापर्यंत वाट मोकळी होती. सुदैवाने दुसरीकडे ठेवलेली प्रत शाबूत होती आणि त्यावरून माहिती परत उभी करता आली. अशी प्रत ठेवण्यावर आणि आतल्या दारांना कड्या लावण्यावर होणारा खर्च कोणत्याही उद्‌घाटनात दिसत नाही. फीत कापताना त्याचे छायाचित्र निघत नाही. म्हणून अंदाजपत्रकास कात्री लागली की प्रथम तोच जातो, आणि तो जाऊ नये हे ठणकावून सांगणारा माणूस तंत्रज्ञच असतो.

या साऱ्या दाखल्यांतून आमचे जे मत बनले, ते आता स्पष्टपणे मांडतो. व्यवस्थापक की तज्ज्ञ, हा प्रश्न पाटीवरील नावापुरता आहे. खरे नेतृत्व कोणाकडे आहे हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. यंत्रणा सुरू करण्याची तारीख कोण ठरवितो, आणि ती पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाला आहे? लंडनला १९९२ मध्ये तारीख व्यवस्थापनाच्या मुठीत होती, आणि तंत्रज्ञ व कर्मचारी तिच्यामागे धावत होते. १९९६ मध्ये तारीख कामाच्या तयारीतून निघाली. तारीख जर केवळ उद्‌घाटक पाहुण्यांच्या सोयीने किंवा आर्थिक वर्षाच्या अखेरीने ठरत असेल, तर प्रमुखाच्या खुर्चीत इंजिनिअर बसवा की डॉक्टर, फळ एकच मिळेल.

म्हणून आमच्या मते अशा कामाचे नेतृत्व रुग्णसेवेत हात भिजविलेल्या, संगणकाची भाषा शिकलेल्या आणि काम पुरे होईतो त्याच जागी राहणाऱ्या व्यक्तीकडे असावे. ती डॉक्टर असो वा परिचारिका. व्यवस्थापकाने तिच्या पाठीशी उभे राहून करार, पैसा आणि माणसे सांभाळावीत. हे काम दुय्यम नव्हे, सीडर्स-सायनायच्या वैद्यांना आणि ‘व्हिस्टा’च्या आरंभीच्या तंत्रज्ञांना नेमकी याचीच उणीव भासली. आणि ‘अजून नाही’ हे दोन शब्द उच्चारण्याचा अधिकार मुख्य तंत्रज्ञ व वॉर्डातील परिचारिका या दोघांनाही लेखी स्वरूपात द्यावा. दोघांपैकी एकानेही नकार दिला तर तारीख पुढे जावी. यात वेळ जाईल आणि थोडा पैसाही जाईल, पण ४ नोव्हेंबरची पहाट टळेल.

येथे आपल्या समाजाशी निगडित असा एक मुद्दा सांगितल्यावाचून राहवत नाही. नोंदणीच्या पडद्यावर पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीन रकाने असतात. आपल्याकडे मधले नाव लग्नापूर्वी वडिलांचे व नंतर पतीचे, बहुतेक घरांत आडनावही बदललेले, आणि कित्येकींचे तर पहिले नावही सासरी नवे ठेवलेले. जुन्या कागदांवर आडनाव आधी, नव्यांवर ते शेवटी. बेळगावात कानडीतून, ग्वाल्हेरात हिंदीतून, बडोद्यात गुजरातीतून लिहिताना अक्षरांत आणखी फरक पडतो. एकाच आजींच्या दोन, कधी तीन नोंदी तयार होतात, आणि अमुक औषधाने त्यांना पूर्वी रिअ‍ॅक्शन आली होती ही माहिती नेमकी न उघडलेल्या नोंदीत राहते. दिल्लीतल्या व्यवस्थापकास हे सुचणार नाही, बंगळूरच्या आज्ञावलीकारासही नाही. खिडकीशी वीस वर्षे केसपेपर काढणाऱ्या कारकुनाला मात्र हे रोजचे आहे. त्यालाच कोणी बैठकीस बोलावीत नाही.

आमच्या वाचकांपैकी कित्येक जण धर्मादाय दवाखान्यांचे आणि रुग्णालयांचे विश्वस्त आहेत. कित्येकांची मुलेबाळे नेमक्या याच उद्योगात आहेत. संगणकयंत्रणेचा प्रस्ताव पुढे आला, की किंमत विचारण्याआधी त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात, अशी आमची विनंती आहे. सुरू करण्याची तारीख कोणी ठरविली? ती लांबविण्याचा अधिकार कोणाला आहे? आणि रात्रपाळीची परिचारिका व खिडकीवरचा कारकून यांनी ही यंत्रणा स्वतः हाताळून पाहिली आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांना नाव घेऊन उत्तर मिळाले आणि तिसऱ्यास ‘होय’ असे उत्तर आले, तर प्रमुखाच्या पदवीची फार चिकित्सा करू नये. उत्तर न मिळाल्यास मात्र, पाटीवर कितीही मोठे नाव असो, सही करण्याची घाई करू नये.